वीक ॲसिडला कॉस्टिक तेवढंच का लागतं? अकरावीचा प्रश्न आहे, घरात कोणाला येईना

रायबंदरकरीण
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे, परवा प्रॅक्टिकल करून आली ती माझं डोकं खातेय. त्यांनी टायट्रेशन केलं (ॲसिड संपेपर्यंत थेंबथेंब बेस सोडून किती लागला ते मोजायचं), आधी एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि मग ॲसेटिक ॲसिड. दोन्ही ०.१ मोलर, दोन्ही १० मिली, आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक, सोडलं. दोन्हीला १० मिलीच लागलं, थेंबभर इकडेतिकडे. पण त्याच्याआधी पीएच मीटर लावलेला त्यात एचसीएलचा १ आला आणि ॲसेटिकचा २.९. आता ती म्हणते आई, पीएच म्हणजे ॲसिड किती ते ना, मग ज्याच्यात ॲसिड कमी त्याला कॉस्टिक कमी लागायला नको? वीक कशाला म्हणायचं मग त्याला? मी कॉमर्सची, मला काय सांगायचं ते कळेना. ट्युशनच्या सरांनी "फॉर्म्युला पाठ कर" म्हणून सांगितलं. कोणी समजेल असं सांगेल का?

पणजीकर_उनाड
फॉर्म्युला पाठ कर हे उत्तर आमच्या वेळेपासून चालू आहे, बदल नाही बघून बरं वाटलं 😀

वेर्णा_क्यूसी
ताई, मुलीचा प्रश्न एक नंबर आहे, तिला सांगा. मी वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीला (दर्जा तपासणीला) आहे, रोज टायट्रेशन करतो, आणि नवीन आलेल्या बीएस्सीवाल्यांना हाच प्रश्न विचारला तर निम्मे अडकतात.

गडबड कुठे होते तर "पीएच म्हणजे ॲसिड किती" इथे. पीएच म्हणजे या घडीला पाण्यात सुटे एच प्लस (हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन) किती फिरतायत तेवढंच. आणि टायट्रेशन मोजतं एकूण ॲसिड किती भरलंय ते, सुटं अधिक बांधलेलं. दोन वेगळी मापं आहेत.

पणजीच्या स्टँडवर दोन बस लागल्यात असं धरा, दोन्हीत शंभर-शंभर माणसं (कदंबात, म्हणजे आपल्या सरकारी बसमध्ये, तशीही भरतातच). एचसीएलच्या बसमधले शंभरच्या शंभर खाली उतरून फलाटावर उभे. ॲसेटिकच्या बसमधून जेमतेम एक-दीड माणूस उतरलाय, बाकीचे आत बसून. फलाटावरची डोकी मोजली तर तो झाला पीएच, दोन बसमध्ये जवळजवळ ७५ पटीचा फरक दिसणार. पण कॉस्टिक हा असा गडी आहे की जो उतरेल त्याला धरून घेऊन जातो. एकाला नेला की आतून दुसरा उतरतो, त्याला नेला की तिसरा, असं करत बस रिकामी होईपर्यंत. म्हणून शेवटी दोन्हीला कॉस्टिक सारखंच. ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड शंभरात साधारण १.३ एवढंच सुटतं, वीक म्हणायचं ते एवढ्यासाठी.

आणि पीएचचा आकडा लहान म्हणजे सुटे जास्त, आकड्यात एकचा फरक म्हणजे दहापट असतो, लॉग स्केल आहे, १ आणि २.९ जवळ दिसतात पण नाहीत.

म्हापशाचे_मास्तर
वेर्णाकरांचं स्पष्टीकरण चांगलं. थोडी भर घालतो. त्या बसमधून जो माणूस उतरलाय तो कायम तोच नसतो बरं का, सतत कोण उतरतंय कोण चढतंय, फक्त कुठल्याही क्षणी खाली असलेल्यांची संख्या तेवढीच राहते. याला समतोल म्हणायचं. हे एकदा डोक्यात बसलं की अकरावीचं ते इक्विलिब्रियमचं अख्खं प्रकरण सोपं जातं, नाहीतर पोरं केए केबी (ॲसिड-बेस किती सुटतात त्याचे स्थिरांक) करत बसतात.

मी चौतीस वर्षं शिकवलं, आणि माझं मत विचाराल तर पुस्तकं उलट्या टोकाकडून सुरू होतात. पहिल्या पानावर तीन व्याख्या. अऱ्हेनियस १८८४ चा, त्याचं म्हणणं पाण्यात एच प्लस देतं ते ॲसिड आणि ओएच मायनस देतं तो बेस. या माणसाला डॉक्टरेटच्या प्रबंधाला परीक्षकांनी अगदी काठावरची श्रेणी दिली होती आणि १९०३ साली त्यालाच नोबेल मिळालं, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलं खूष होतात. पण त्याच्या व्याख्येत अमोनिया बसेना, कारण एनएच३ मध्ये ओएच आहेच कुठे? मग १९२३ ला ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी वेगवेगळं बसून सांगितलं की प्रोटॉन देतो तो ॲसिड, घेतो तो बेस. अमोनिया पाण्याकडून प्रोटॉन घेतो, पाण्याचा ओएच मायनस उरतो, झालं. त्याच वर्षी लुईसने इलेक्ट्रॉनच्या जोडीवरून व्याख्या केली, ती आणखी रुंद आहे पण अकरावीच्या मुलीने आत्ता तिच्यात अडकू नये.

पणजीकर_उनाड
मास्तर, पीएच कोणी काढला?

म्हापशाचे_मास्तर
सोरेनसेन, १९०९, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. होय, बिअरवालेच. तुला आवडेल म्हणून सांगितलं.

पणजीकर_उनाड
केमिस्ट्रीबद्दल आदर वाढला 🙏

अकरावी_ब
हॅलो, मी पण अकरावीलाच आहे मडगावला. आमच्या बॅचमध्ये एका ग्रुपने ॲसेटिक ॲसिडला फिनॉल्फथॅलीन (शेवट झाला की रंग बदलणारा इंडिकेटर) संपलं म्हणून मिथाइल ऑरेंज हा दुसरा इंडिकेटर टाकलं आणि त्यांचं रीडिंग ३ मिलीलाच आलं, सरांनी परत करायला लावलं पण का ते नाही सांगितलं. बस अर्धी भरलेली असताना कलर कसा बदलला?

वेर्णा_क्यूसी
वा, हे मस्त उदाहरण आहे. इंडिकेटरला बस रिकामी झाली की नाही ते दिसतच नाही, त्याला फक्त पीएच दिसतो. मिथाइल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये रंग बदलतं. तुमचं ॲसेटिक २.९ ला सुरू झालं, १ मिली कॉस्टिक पडल्यावर पीएच ३.८, आणि ३ मिलीला ४.४. म्हणजे पिवळं झालं. ॲसिड ७० टक्के अजून तसंच आहे पण मिथाइल ऑरेंजच्या दृष्टीने कार्यक्रम संपला. खरा शेवट १० मिलीला, आणि तिथे पीएच ७ नाही तर ८.७ च्या आसपास असतो, कारण तयार झालेलं सोडियम ॲसिटेट स्वतःच जरासं बेसिक आहे. फिनॉल्फथॅलीन ८.२ च्या पुढे गुलाबी व्हायला लागतं म्हणून तेच घ्यायचं. एचसीएलला कुठलंही चालून जातं कारण तिथे शेवटच्या एका थेंबात पीएच ४ वरून १० ला उडी मारतो.

अजून एक गंमत, बरोबर ५ मिलीला थांबून पीएच बघा, ४.७६ च्या जवळ येईल. अर्धं ॲसिड अर्धं सोडियम ॲसिटेट. तोच त्याचा पीकेए, ॲसिड किती सहज सुटतं त्याचा आकडा, जेवढा लहान तेवढं जास्त सुटणारं. या जागी थोडं ॲसिड घाला थोडा बेस घाला, पीएच हलतच नाही फारसा. हाच बफर.

अकरावी_ब
ओके ओके समजलं!! बफर हा शब्द आम्हाला डायरेक्ट हेंडरसन समीकरणातून आला होता

रायबंदरकरीण
देव बरें करूं सगळ्यांना. मुलीला वाचून दाखवलं, तिने स्वतःच बसवलं सगळं. आता विचारते की वीक ॲसिड म्हणजे घरात वापरायला सेफ असं धरायचं का? व्हिनेगर वीक, लिंबू वीक वगैरे.

वेर्णा_क्यूसी
नाही, असं अजिबात धरू नका. हायड्रोफ्लोरिक ॲसिड व्याख्येने वीक आहे, पीकेए ३.२, आणि लॅबमध्ये आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो ते त्यालाच. कातडीतून आत जातं आणि अंगातलं कॅल्शियम धरून बसतं. वीक-स्ट्राँग म्हणजे किती सुटतं एवढंच, जहाल किती ते नाही. आणि डायल्यूट-कॉन्सन्ट्रेटेड हे तिसरंच, पाणी किती घातलंय ते. पाणी खूप घातलेलं एचसीएल स्ट्राँगच राहतं, आणि बाटलीतलं घट्ट ग्लेशियल ॲसेटिक वीक असून बोटं भाजवतं.

आता तुमच्या व्हिनेगरचं गणित सांगतो. माडाच्या सुरेचं असो की दुकानातलं, ५ टक्के धरलं तर पीएच २.४ येतो. त्याच २.४ पीएचचं एचसीएल बनवलं तर त्याला मारायला जेवढं कॉस्टिक लागेल त्याच्या दोनशेपटीहून जास्त व्हिनेगरला लागेल. मीटरवर आकडा तोच! म्हणून म्हणतो पीएच बघून ॲसिडचा साठा कळत नाही.

डिचोलीची_सून
बिंबलं (ती आंबट फळं) पण ॲसिडच ना? चवथीच्या आधी आमच्याकडे समया आणि तांब्याची भांडी बिंबलांनीच घासतात, चिंचेपेक्षा लखलखीत निघतात.

म्हापशाचे_मास्तर
त्यात ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर, आणि फळांतल्या ॲसिडांमध्ये ते चांगलंच जोरदार आहे. भांड्यावरचा काळा थर म्हणजे तांब्याचं ऑक्साइड, ते बेसिक, ॲसिडमध्ये विरघळून जातं. फक्त बिंबलाचा रस औषध म्हणून ग्लास ग्लास पिणारे काहीजण असतात तो प्रकार करू नका, ऑक्झॅलेटमुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या केसेस केरळात डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. हुमणात (माशाच्या कालवणात) दोन घालणं वेगळं.

आणि चवथीची साफसफाई निघाली आहे तर, संडास धुवायच्या ॲसिडवर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही ओतू नका. क्लोरीन सुटतो, छोट्या बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. एक धुऊन टाका, भरपूर पाणी घाला, दुसरं दुसऱ्या दिवशी.

निरोगी_राहा
छान चर्चा. मी सांगू इच्छितो की शरीर ॲसिडिक झालं की आजार होतात, म्हणून सकाळी लिंबूपाणी आणि दिवसभर अल्कलाइन पाणी प्यावे. लिंबू पोटात गेल्यावर अल्कलाइन होतं. मशीन हवी असल्यास व्यनि करा.

वेर्णा_क्यूसी
आलेच. लिंबाचा पीएच २ ते अडीच, पोटातला त्याच्याही खाली, दीड-दोन. तिथे तुमचं ९ पीएचचं पाणी गेलं तर काय होणार? त्या पाण्यात बेसचा साठाच जवळजवळ नसतो, वर एवढं बोललो ते हेच, आकडा ९ आहे पण मागे माल नाही. पोटातलं ॲसिड त्याची दखलही घेत नाही. आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये असतो, कार्बोनिक ॲसिड आणि बायकार्बोनेटचा बफर, वर फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतायत, किडनी उरलेलं बघतेय. घाबरून जोरजोरात श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात ना, ते रक्त जरा बेसिक झाल्यामुळे. लिंबूपाणी प्या, छान लागतं, पण मशीन नको.

पणजीकर_उनाड
मशीनपेक्षा सोलकढी बरी. बाय द वे भिरंडाच्या (कोकमाच्या) पाण्यात सोडा घातला तर रंग जातो का? लहानपणी भाऊ करायचा काहीतरी.

म्हापशाचे_मास्तर
जातो नव्हे, बदलतो. भिरंडाच्या सालीत अँथोसायनिन असतं, ॲसिडात लालभडक, सोडा घालत गेलं की जांभळट, पुढे मळकट हिरवट. जास्वंदीचं पण तसंच. हळदीचा कागद मात्र खायच्या सोड्याला धड दाद देत नाही, सोड्याच्या पाण्याचा पीएच ८.३ एवढाच असतो आणि हळद पुरती लाल व्हायला त्याच्यावर जावं लागतं. धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी घ्या, लगेच लाल होते. कुंकू तसंच करतात, हळद आणि चुना. चाळीस रुपयांत अख्खा वर्ग हे करतो, पण शाळांना डिजिटल बोर्ड हवेत. असो.

कुळागरी
मी सत्तरी तालुक्यातला, माझं कुळागर (बागायत) आहे, माड पोफळी मिरी. केमिस्ट्री दहावीनंतर सोडली पण हा धागा दोनदा वाचला कारण माझी एक अडचण यातच बसतेय असं वाटतंय. दोन जागांची माती तपासायला दिली. एक व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठची रेताड, एक वरची चिकट तांबडी. कार्डावर दोन्हीचा पीएच ५.२. पण चुना घालायला सांगितलाय तो वरच्या जागेला खालच्याच्या दुपटीहून जास्त. मी म्हटलं छापायला चुकले, विचारायला गेलो तर तिथला पोरगा म्हणाला बरोबर आहे, पण का ते त्याला सांगता येईना. आकडा एकच तर चुना वेगळा कसा?

वेर्णा_क्यूसी
काका तुम्ही तर ताईंच्या मुलीचाच प्रश्न शेतात काढलात!! पीएच मातीच्या पाण्यात सुटं किती ते सांगतो. पण चिकणमातीच्या कणांवर आणि कुजलेल्या पाल्यात हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम चिकटून बसलेलं असतं, तो राखीव साठा. चुन्याने पाण्यातलं मारलं की कणांवरून आणखी सुटतं. रेतीच्या कणांना धरून ठेवायला जागाच कमी, साठा लहान, थोड्या चुन्यात काम होतं. म्हणून लॅबवाले चुन्याचं माप काढायला नुसता पीएच बघत नाहीत, मातीत बफरचं द्रावण घालून तो किती खाली उतरतो ते बघतात, त्यावरून साठा कळतो.

शेतीतलं पुढचं मला येत नाही.

ताळगावचा_पाडेली
पुढचं मी सांगतो, मी माती परीक्षणात काम केलेलं आहे. आपल्याकडची तांबडी जांभ्याची माती ॲसिडिकच असते कारण तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, कॅल्शियम मॅग्नेशियम धुऊन नेतो, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. पीएच साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळं आखडतात, आणि फॉस्फरस लोखंड-ॲल्युमिनियमला बांधला जातो, खत घातलं तरी झाडाला मिळत नाही. कुळागरीकाका, तुमच्या वरच्या जागेत हेच होत असणार.

अजून एक, खाजन शेतीवाले (खाडीकाठी बांध घालून शेती करणारे) नेहमी गल्लत करतात. खारं पाणी घुसलं म्हणजे जमीन अल्कली झाली असं नाही. खारटपणा वेगळा, मीठ न्यूट्रल आहे, मिठाच्या पाण्याने लिटमस हलत नाही. चुना टाकून मीठ जात नाही, मानस (बांधातलं पाण्याचं दार) नीट ठेवून पावसाच्या पाण्याने धुवावं लागतं. उलट खारफुटीच्या चिखलात जिथे लोखंडाचं सल्फाइड असतं तिथे तो चिखल उपसून वाळत टाकला की हवेने त्याचं चक्क सल्फ्युरिक ॲसिड होतं, म्हणून खारी जमीन ॲसिडिकसुद्धा असू शकते.

कुळागरी
बरं झालं सांगितलंत, कोणीतरी नीट सांगितलं. आता चुना कुठला घ्यायचा? आमच्याकडे शिंपल्यांचा भाजलेला चुना मिळतो, दुकानात डोलोमाइट मिळतं, आणि एकजण म्हणतो तिसऱ्यांच्या शिंपल्या तशाच कुटून घाल.

ताळगावचा_पाडेली
तिन्ही चालतात, वजन वेगळं. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, १०० किलोचं काम भाजलेला कळीचा चुना ५६ किलोत करतो आणि विरवलेला ७४ किलोत. कार्डावर कुठल्या चुन्याचं माप दिलंय ते आधी बघा, नाहीतर दुप्पट पडेल. कुटलेली शिंपली हळू चालते, जेवढी बारीक तेवढी लवकर, जाड तुकडे वर्षानुवर्षं तसेच दिसतात. भाजलेला लगेच चालतो पण हाताला डोळ्याला जपा, विरवताना उकळी फुटते आणि त्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम पण मिळतं, माडाच्या जुन्या झावळ्या पिवळ्या पडत असतील तर मी तेच घेईन.

डिचोलीची_सून
आमच्याकडे चुलीची राख घालतात ती पण चालते का?

ताळगावचा_पाडेली
चालते, राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमची कार्बोनेटं असतात, पूर्वी भांडी राखेनेच घासायचे. पण किलोला किलो चुन्याएवढं काम करत नाही आणि प्रत्येक लाकडाची राख वेगळी, मोजूनमापून करायचं असेल तर चुनाच बरा. एकाच झाडाच्या बुंध्यात ढीग ओतू नका एवढंच.

कुळागरी
शेवटचं एक. गेल्या वर्षी शेजाऱ्याने कोंबडीखत आणि चुना एकदम कालवून टाकलं तर दोन दिवस नाकाला झोंबणारा वास येत होता, त्याच्या बायकोचे डोळे चुरचुरले. ते काय होतं?

अकरावी_ब
हे मी सांगू? अमोनिया! खतातला अमोनियम आयन ॲसिड, चुन्याने त्याचा प्रोटॉन काढून घेतला आणि अमोनिया गॅस उडून गेला. ब्रॉन्स्टेड लॉरी 😎

म्हापशाचे_मास्तर
शाबास. नत्र हवेत गेलं, म्हणजे पैसेच हवेत गेले.

ताळगावचा_पाडेली
बरोबर. युरिया आणि अमोनियम सल्फेटचंही तेच होतं. काका, चुना मे महिन्यात पहिल्या सरी पडल्या की मातीत मिसळा आणि खत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी द्या. माती परत तपासायची ती पुढच्या वर्षी पाऊस सरून जमीन वाळल्यावर, त्याच दोन जागांची, आणि नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत, एकत्र करू नका.

कुळागरी
करतो तसं. पिशव्यांवर नाव पेनाने लिहिलेलं पुसतं, पेन्सिलने चिठ्ठी घालेन आत.